पहिल्या पानावरची स्वैपाकीण

"मॅडम, ये बाई कौन है? हर दोन पानांनी येते नि भाकऱ्याच थापते!"

शेठनी कॉमिकची कच्ची प्रत माझ्या टेबलावर टाकली. दुसऱ्या दिवशी ती छपाईला जायची होती. ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये शेठ शाळेच्या गाइड छापायचे. त्यांना कॉमिक काढायची हुक्की आली आणि मी त्याची एडिटर झाले.

मूळ कादंबरी गायकवाडांची. ते अंबरनाथला कारखान्यात फिटर होते. शिफ्ट सांभाळून त्यांनी पाच जाडजूड भाग लिहिले होते. शापित डोंगर, पाण्याखालची राज्यं, हरवलेली राणी आणि तिला शोधत निघालेली तिची मुलगी. वाचक मूठभर. आम्हाला पहिल्या भागाची परवानगी त्यांनी एकाच आशेवर दिली, की पोरं चित्रं बघून पुस्तकाकडे येतील.

"ताई, लढाया कापा, राजे कापा," ते म्हणाले होते. "धुरपा कोण, तेवढं फोडू नका. ते पाचव्या भागात कळायचंय."

धुरपा म्हणजे राजकन्येच्या छावणीतली खाष्ट स्वैपाकीण. तीच हरवलेली राणी. मी "हो" म्हटलं होतं.

कादंबरीत असं माणूस गर्दीत लपवता येतं. कॉमिकमध्ये प्रत्येक प्रसंगाची चौकट काढावी लागते, तिला पॅनल म्हणतात. ज्याला सारखे पॅनल मिळतात, तो वाचकाला खुपतो. शेठनी दुकानातल्या दोन मुलींना प्रत वाचायला दिली होती. त्यांनी कादंबरी पाहिलीही नव्हती. दोघींनी हेच विचारलं, ही बाई मध्ये मध्ये का?

"नये लोगों को समझना चाहिए, मॅडम. नाहीतर सगळा माल परत येणार."

त्यात पहिलंच पान कोरं होतं. छपाई फर्म्यात होते. एक फर्मा म्हणजे सोळा पानं. आमचे दोन फर्मे होते आणि चित्रं एकतीसच पानांची. त्या कोऱ्या पानावर मी सगळ्यांचे चेहरे, नावं आणि नाती टाकली. 'धुरपा: छावणीची स्वैपाकीण. खरी हरवलेली राणी.' गोंधळ मिटला. शेठ खूश.

बाकीची पानं गायकवाडांनी तपासून सही केली होती. हे पान नंतरचं. त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन नंबर माझ्या डायरीत होता. मी लावला नाही. ते नको म्हणतील, हे मला माहीत होतं.

अंक आला त्याच रविवारी अंबरनाथ पश्चिमेच्या एका वाचनालयाने मुलांना बोलावलं. प्रती मीच नेल्या आणि दारातच वाटल्या. गायकवाड इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. टेबलावर त्यांचे पाचही भाग मांडलेले. सहावी-सातवीतली एक मुलगी पुढे आली. त्यांनी तिच्यासमोर पहिला भाग धरला.

"नको काका. धुरपाच राणी आहे ना? कळलं की मला."

"कुणी सांगितलं गं?"

"हे काय, पहिल्याच पानावर आहे."

त्यांनी पान वाचलं. मग तिला विचारलं, "कशी वाटली धुरपा?"

"बिचारी वाटली."

गायकवाड माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "ताई, हिने चौथ्या भागापर्यंत धुरपाचा राग राग करायला हवा होता. त्यासाठीच तर लिहिलं."

"पुढच्या छपाईत काढते ते पान."

"आता काढून काय? पोरं पोरांना सांगतात."

अंक चांगला खपला. शेठना दुसरा भाग हवा होता. गायकवाडांनी परवानगी दिली नाही. भांडलेही नाहीत. वर्षभराने मी त्या वाचनालयात गेले, तेव्हा त्यांच्या पहिल्या भागाच्या कार्डावर एकही नवा शिक्का नव्हता.

मी अजून हेच काम करते. नवख्यांसाठी पात्रांची ओळख करून देणारं पान लागतंच. फक्त आता ते लेखकाला फोनवर वाचून दाखवल्याशिवाय छपाईला जात नाही. दोन मिनिटं लागतात. कुणी नको म्हटलं, तर ते पान कोरं जातं. कोऱ्या पानाची तक्रार अजून एकाही वाचकाने केलेली नाही.