पंख्यावरची लाल रेघ

आमच्या ऑफिसातले एक साहेब मच्छीमार बोटींचे पाण्याखालचे पंखे तपासायचे. पात्यावर लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर फवारायची. तडा असला तर लाल रेघ उमटते. त्यांची बोटं कायम लाल. कुणी हसलं तर म्हणत, "खोट्या सह्या करणाऱ्यांची स्वच्छ असतात."

नारळीपौर्णिमेच्या तोंडावर उत्तनच्या किनाऱ्यावर ओढलेल्या एका बोटीच्या पात्यावर रेघ उमटली. बोटमालकाने ती फडक्याने पुसली. "आता काय न्हाय. पास लिवा. उद्या बोट जाणार."

साहेबांनी पुन्हा पावडर मारली. रेघ पुन्हा आली.

"पुसा," ते म्हणाले. "भर समुद्रात पातं तुटलं तर खलाशी काय हातांनी वल्हवणार? मी इथेच आहे."

पंख्याला टेकून ते वाळूत बसले. कागदावर त्यांचा मदतनीस म्हणून माझीही सही लागायची. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी; माझी सही खोटी ठरायला नको होती. मीही शेजारी बसलो.