शिशाचं गोत्र

मी माझ्या स्कूटरचा प्लग प्रयोगशाळेतल्या सर्वांत स्वच्छ कपाटात ठेवून साफ केला. चूक एवढीच.

स्कूटर मंडईपासून खोकत आली आणि आमच्या फाटकाशी बंद पडली. प्लग काढला तर काळाकुट्ट. बाहेर धूळ, आत गाळलेली हवा, चांगला दिवा आणि धागा न सुटणारा कागद. दहा मिनिटांत प्लग लखलखला. स्वतःचा प्लग साफ करता येत नाही त्याला पुण्यात कोणी मुलगी देत नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती.

दुपारी त्याच कपाटात आमच्या सहकारी बाईंनी त्यांचे आठ दाणे आम्लात विरघळायला ठेवले. धायरीच्या पुढे एका खाणीत, लाव्हाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा होता. तिथली पोती पोती माती दोन वर्षं धुतल्यावर झिरकॉन या खनिजाचे हे आठ दाणे निघाले होते, मिठाच्या कणाहून बारीक. दाण्यातल्या युरेनियमचं फार सावकाश शिसं होत जातं; ते किती झालं हे मोजलं की वय कळतं. बाहेरचं शिसं जरा पडलं की सगळं बाद. बाईंचा प्रबंध या आठ दाण्यांवर उभा होता.

आकडे आले. सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “दाणे पृथ्वीच्या आधीचे दिसतात. अभिनंदन.”

मग चौकशी. शिसं आलं कुठून? मी, शहाणा, सगळ्यांच्या आधी बोललो, “सर, कुंकू. कुंकवात शिसं असतं.”

बाई रोज आत येण्याआधी कपाळ पुसून येत, हे मला माहीत होतं. त्यानंतर त्या माझ्याशी सरांमार्फतच बोलल्या. दुसऱ्या दिवशी घरचा करंडा आणून त्यांनी टेबलावर आपटला. “सर, मोजा. आणि यांना समोर उभं करून मोजा.”

शिशालाही गोत्र असतं. ज्या खाणीतून ते निघालं, तिथलं समस्थानिकांचं प्रमाण ते कुठेही गेलं तरी सोडत नाही. कुंकवाचं गोत्र जुळलं नाही. सरांनी मग बाटलीभर पेट्रोल मागवलं. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं घालत. ते तंतोतंत जुळलं.

प्रयोगशाळेत आम्ही तिघंच. सर सायकलवर येत, बाई बसने.

“आपण कशावर येता?” सरांनी मला विचारलं.

मी प्लगची हकीकत सांगितली.

“निघाला का साफ?”

“हो सर.”

“छान. प्लगही साफ, दाणेही साफ.”

काहीतरी भरपाई करावी म्हणून मी बाईंना म्हणालो, “उद्याच खाणीवर जाऊन नवं पोतं आणतो. स्कूटर आता मस्त चालते.”

त्यांनी करंड्याचं झाकण लावलं आणि पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलल्या.

“साडेसहा कोटी वर्षं त्या दाण्यांना काही झालं नव्हतं. तुम्ही नव्हतात ना.”