फ्लास्कमधल्या गारा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे पुढे मला तुमच्या हसण्याचा राग येत जाईल. तुम्ही मघाशी विचारलंत ना, की सहलीला निघताना माझी बायको शुभा चहाचा फ्लास्क माझ्या हातात का देत नाही? मी समोर रिकाम्या हातांनी उभा असताना शेजाऱ्यांना का देते? तर ऐका. यात तिची काही चूक नाही.

आम्ही तेव्हा शारजात राहायचो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुट्टी शुक्रवारची, आणि आम्हा तिघांना सायकलचं वेड लागलेलं. आता तिथे तेव्हा सायकल कोण चालवायचं? किराणा पोचवणारे. टाय लावून जबल अलीच्या ऑफिसात जाणारा माणूस शुक्रवारी अर्ध्या चड्डीत पॅडल मारताना दिसला की लोकांना वाटायचं, गेली बिचाऱ्याची नोकरी. आमच्या ऑफिसातल्या मल्याळी अकाउंटंटने तर मला एकदा बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "भाईसाब, गाड़ी का लोन पास नहीं हुआ क्या?"

तिघं म्हणजे मी, सावंत आणि अण्णा मोकाशी. सावंत माझ्याच वयाचा, मनाने चांगला पण तोंडाचा फटकळ. अण्णा आमच्याहून बरेच मोठे, सांगलीचे. आम्हाला सायकलवर त्यांनीच बसवलं. दोघांची पोटं बघून म्हणाले होते, "अरे, तुमच्यापेक्षा तुमच्या गाड्या जास्त हलतात."

तिथे सायकलीचा हंगाम हिवाळ्यापुरता. पाडवा आला की उन्हं अशी तापतात की सायकल चादर घालून बाल्कनीत ठेवायची, ती थेट दिवाळीपर्यंत. त्यामुळे हिवाळा सरताना आमची एक शेवटची फेरी असायची. सावंतच्या पिकअपमध्ये सायकली टाकून धैद गावापर्यंत जायचं, पिकअप तिथे ठेवायची आणि मसाफीच्या डोंगराकडे सायकल हाणायची. चढ संपतो तिथे एक वाकडं झाड होतं, आपल्या बाभळीसारखं. त्याच्याखाली बसून अण्णांच्या हातचा चहा प्यायचा, गवती चहा घातलेला. हा गवती चहा त्यांनी सांगलीहून मुळं ओल्या फडक्यात बांधून आणून बाल्कनीतल्या कुंडीत वाढवला होता. आणि अण्णांचा नियम असा, की चढ संपायच्या आधी फ्लास्क उघडायचा नाही. कोणी चक्कर येऊन पडला तरी त्याला पाणी मिळेल, चहा मिळणार नाही.

त्या वर्षीची फेरी निराळी होती. अण्णा कायमचे परत निघाले होते. घरातलं सामान विकून झालं होतं, वहिनी आधीच सांगलीला पोचल्या होत्या. आम्ही त्यांना जेवायला बोलवायला गेलो, तर म्हणाले, "मला पार्टी नको, हार नको, भाषणं नकोत. त्या झाडाखाली तुम्हा दोघांबरोबर एकदा चहा प्यायचा. मग मी मोकळा."

त्या शुक्रवारी सकाळी त्यांनी फ्लास्क माझ्या स्वाधीन केला. कॅरियर फक्त माझ्या सायकलला होतं. कुंडीतली सगळी पात कापून चहात घातली होती. "सांभाळ रे विनू," एवढंच म्हणाले.

आता यात आमची सई कुठून आली ते सांगतो. सई माझी मुलगी, तेव्हा दुसरीत. आदल्या दिवशी नाशिकच्या मावसबहिणीने तिला फोनवर सांगितलं, की आमच्याकडे गारा पडल्या आणि आम्ही वेचून खाल्ल्या. फोन ठेवून सई माझ्याकडे आली.

"बाबा, शी इज लाइंग. आइस आकाशातून कसा पडेल? इट कम्स फ्रॉम द फ्रिज."

मी तिला समजावलं. लहानपणी गारा पडल्या की आम्ही डोक्यावर पाटी धरून अंगणात कसे धावायचो, ते करून दाखवलं. हॉलमध्ये, ट्रे डोक्यावर धरून. तिने शांतपणे बघून घेतलं आणि माझ्या हातावर थोपटलं. "ओके, बाबा."

ते 'ओके, बाबा' मला फार लागलं. पोरीला आपण काय काय दिलं नाही, याचा हिशोब बापाच्या डोक्यात एकदा सुरू झाला की थांबत नाही.

तर आम्ही धैदहून निघालो. थोडं पुढे गेल्यावर अण्णांनी मान वर केली. "विनू, आभाळ बरं दिसत नाही. परत फिरायचं का?"

"अहो अण्णा, हे आखात आहे," मी म्हणालो. "इथे ढग फक्त सावली द्यायला येतात."

आधी धूळ आली. मग वारा असा सुटला, की मी पॅडल पुढे मारत होतो आणि सायकल जागच्या जागी. मग पाऊस. समोर रस्त्यालगत जुम्मा बाजार दिसत होता, गालिच्यांच्या आणि फळांच्या दुकानांची ती लांबलचक रांग. अण्णा आणि सावंत त्या दिशेने पळाले. मी मागे राहिलो होतो. तेवढ्यात माझ्या हेल्मेटवर टक्कन काहीतरी आपटलं. मग हातावर. मग धडाधड सगळीकडेच.

गारा. बोराएवढ्या. बघता बघता काळा रस्ता पांढरा झाला. आजूबाजूला मैलोन्मैल वाळू आणि तिच्यावर पांढरा थर. उंट असते तर तेही गोंधळले असते. शहाण्या माणसाने काय केलं असतं? आडोशाला पळाला असता. मी सायकल आडवी टाकली आणि गारा वेचायला लागलो. पाठीवर सटासट मार बसत होता आणि मी हसत होतो.

पण ठेवायच्या कशात? खिशात ठेवल्या, तर मांडीवरून पाणी निघालं. आणि मला कॅरियरवरचा फ्लास्क दिसला.

देवाशपथ सांगतो, मी विचार केला. थोडा, पण केला. म्हटलं, बाजारात कॅफेटेरिया आहे, तिथे कडक चहा मिळतो. चहा काय, चहाच. पण गारा या देशात पुन्हा कधी पडणार? झाकण उघडलं, अण्णांचा चहा वाळूत ओतला, घाईत थोडा तळाशी राहिला तो राहिला, आणि वर गारा ठासून भरल्या. त्या गवती चहाचा वास नाकात शिरला तेव्हासुद्धा माझी अक्कल जागी झाली नाही.

बाजारात पोचलो तर अण्णा आणि सावंत एका पठाणाच्या दुकानात गालिच्यांच्या ढिगाऱ्यावर बसले होते. दोघांचे ओठ निळे, दात वाजत होते. पठाण कंबरेवर हात ठेवून आमच्या सायकलींकडे बघत होता.

"गाड़ी नहीं है तुम लोग के पास?"

"है," सावंत म्हणाला. "धैद में आराम कर रही है."

मी घाईघाईने विचारलं, "खान साब, कॅफेटेरिया किधर है?"

"बंद. जुम्मे की नमाज़ है. सब बंद. मैं भी जा रहा हूँ. तुम बैठो, ये ओढ़ लो." त्याने गालिच्यांवर गुंडाळलेलं प्लॅस्टिक आमच्या अंगावर टाकलं आणि तो निघून गेला.

मग अण्णा मला म्हणाले, "विनू, नियम गेला खड्ड्यात. फ्लास्क काढ. आज हाच आपला माथा."

तुम्ही असता तर काय केलं असतं? खरं सांगून टाकलं असतं ना? तिथेच विषय मिटला असता. चार शिव्या, दोन टोमणे, खलास. पण माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे?

"नाही अण्णा. शेवटच्या फेरीला नियम मोडायचा नाही. चहा झाडाखालीच."

माझा हिशोब साधा होता. अण्णा कुडकुडताहेत, तेव्हा म्हणतील, आज राहू दे रे, परत फिरू. मग बाजार उघडेल, कॅफेटेरियातून चहा घेऊ, तेवढ्यात मी काहीतरी जमवीन. पण अण्णांनी माझा हात धरला. माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी.

"सावंत, बघ. मी इतकी वर्षं नियम सांगत आलो, आणि तुम्ही पाठीमागे हसत आलात. आज मीच ढिला पडलो, तर ह्याने मला सावरलं." ते उठून उभे राहिले. "चला. वर जाऊ."

"अण्णा, आत्ता?" सावंत किंचाळलाच. "कुल्फी होईल आपली!"

"विनू येतोय ना? मग मी येणार."

झालं. गारा थांबल्या होत्या, वारा नव्हता थांबला. आम्ही त्या प्लॅस्टिकला डोक्यापुरती आणि हातांपुरती भोकं पाडली आणि अंगात घातलं. पायांत मोज्यांवर फळांच्या दुकानातल्या पिशव्या. एका ठिकाणी डोंगरातलं पाणी रस्त्यावरून वाहत होतं, तिथे सायकली खांद्यावर घेतल्या. बाजूने जाणाऱ्या गाड्या आम्हाला बघायला हळू होत होत्या. एका अरब गृहस्थाने काच खाली करून विचारलंसुद्धा, "हबीबी, पोलीस को बुलाऊँ?"

सावंत मला सगळ्या वाटेभर शिव्या घालत होता. "मोठा आला नियमवाला. मेलास तर शुभावहिनींना काय सांगू, पॅक करून आणलाय म्हणून?" आणि पुढून अण्णांचा आवाज यायचा, "त्याला बोलू नकोस सावंत. मनाला लागतं त्याच्या." प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सांगू. प्रत्येक वेळी चढ थोडा आणखी कमी झालेला असायचा आणि माझी हिंमतही.

पोचलो. झाडाखाली पांढऱ्या गारांचा सडा होता. अण्णांनी पिशवीतून स्टीलचे पेले काढले, तेही सांगलीचेच. रुमालाने पुसून दगडावर ओळीने मांडले. बोटं इतकी गारठली होती की एक पेला हातातून निसटला, तो त्यांनी पुन्हा पुसला. मग माझ्याकडे हात केला. मी फ्लास्क दिला. दुसरं काय करणार होतो?

"भाषण नको म्हटलं होतं," अण्णा म्हणाले, "पण एक सांगतो. या देशाने मला पगार दिला. माणसं तुम्ही दिलीत."

आणि त्यांनी फ्लास्क पेल्यावर तिरका केला.

खडखडखड.

तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. पेल्यात गारा, आणि गारांमागून थोडं गढूळ पाणी. अण्णांनी पेल्यात बघितलं. मग आभाळाकडे बघितलं, जणू त्यानेच काही गंमत केली असावी. मग माझ्याकडे.

"अण्णा," मी म्हणालो, "सईला दाखवायच्या होत्या."

 अण्णांनी पेल्यातली एक गार उचलली आणि तोंडात टाकली. चघळली.

"गवती चहा लागतोय हं," ते म्हणाले.

आणि हसायला लागले. झाडाला टेकून, प्लॅस्टिकचा कर्रकर्र आवाज करत किती तरी वेळ हसले. मग डोळे पुसले. ते नुसतं हसून आलेलं पाणी होतं की आणखी काही, हे मला कळलं नाही आणि विचारायचं धाडसही झालं नाही. उरलेल्या गारांवर त्यांनी स्वतःच झाकण लावलं. "उघडा ठेवू नकोस, वितळतील. पोरीला दाखव. आणि आपला चहा राहिला, तो सांगलीला येऊन पी."

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

तुम्हाला म्हणून सांगतो, आम्हा आखाती मराठी माणसांचं इन्शाल्ला फार वाईट. मनापासून म्हणतो आणि मग विसरतो.

त्या दिवशी घरी पोचलो तो शिंकतच. बूटसुद्धा न काढता सईला हाक मारली. टेबलावर काचेचा बाऊल ठेवला, शुभालाही बोलावलं. "आता बघ आकाशातून काय पडलं ते." आणि फ्लास्क उपडा केला.

तळाशी राहिलेल्या गरम चहाने परतीच्या वाटेवर आपलं काम केलं होतं. बाऊलमध्ये पडलं ते फिकट तपकिरी पाणी. सईने वाकून वास घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "धिस इज कोल्ड टी."

ज्यांना चहा द्यायचा त्यांना गारा दिल्या, आणि जिला गारा दाखवायच्या तिला थंड चहा. असा कारभार करायला अंगात वेगळीच हुशारी लागते.

अण्णा ठरल्याप्रमाणे गेले. नंतर दर पाडव्याला फोन करायचे. "विनू, कधी येतोस? कुंडीतली मुळं इकडे जमिनीत लावलीत. रान माजलंय." मी म्हणायचो, या सुट्टीत नक्की. सुट्टी यायची, आणि नाशिकची लग्नं, बँकेची कामं, दातांचा डॉक्टर यांत संपून जायची. सांगली राहायची. एका वर्षी पाडव्याला फोन आला नाही. मी म्हटलं, गडबडीत असतील. नंतर सावंतने सांगितलं, की अण्णा गेले.

तेव्हा मात्र मी सांगलीला गेलो. आता जाऊन काय उपयोग होता, ते विचारू नका. वहिनींनी ओसरीवर बसवलं. समोरच अण्णांचा गवती चहा, खरंच रान माजलेलं. मी रडवेल्या तोंडाने काहीतरी बोलायला लागलो, तर वहिनी म्हणाल्या, "आधी चहा घ्या," आणि पात तोडून आत गेल्या.

पेला तोच, स्टीलचा. वाफ येत होती, वास तोच. मी हात पुढे केला, तर वहिनी म्हणाल्या, "थांबा हं." पुन्हा आत गेल्या, फ्रिज उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी बर्फाचा एक खडा माझ्या चहात टाकला.

मी वाकून पेल्यात बघितलं.

"ह्यांनी सांगून ठेवलं होतं," वहिनी म्हणाल्या. "विनू आला, की त्याला चहा असाच द्यायचा. उशिरा येईल, पण येईल, म्हणाले. का, ते मला काही सांगितलं नाही. तुमच्याकडे असाच पितात का?"

"हो वहिनी," मी म्हणालो. "असाच पितात."

आणि प्यायलो. पार कोमट झाला होता.