एकदम ठीक, साहेब
बुटांच्या पॉलिशचा वास आला की सोलापुरातलं माजी सैनिकांचं ते तपासणी शिबिर आठवतं. त्या सकाळी वडील तासभर बूट घासत बसले होते. सैन्यात त्यांचा डावा गुडघा निकामी झाला होता आणि त्याचा भार वर्षानुवर्षं पेलून आता उजवा खुबाही झिजला होता. अपंगत्वाची टक्केवारी वाढवून मिळावी, म्हणून एक्स-रे आणि गुडघ्यामुळेच खुबा झिजल्याची कारणमीमांसा मी अर्जाला क्रमवार जोडली होती. पण लष्करी डॉक्टर समोर येताच वडील ताठ उभे राहिले. "एकदम ठीक, साहेब!" मागच्या बाकावरून त्यांचा वैरागचा जुना सोबती हसला, "व्हय, पळायला लावा की त्यास्नी!" सगळेच हसले. दावा हातचा जाताना दिसला आणि मी मोठ्यानं म्हणाले, "हे खोटं आहे. शौचालयात यांना आई उचलून उठवते." डॉक्टरांनी नोंद केली. बाहेर आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "तुझं बरोबर हाय, पोरी. पण समदी माझी माणसं होती की तितं." पुढे टक्केवारी वाढली आणि माझं विधान अचूक होतं, या समाधानात मी काही वर्षं काढली. "डॉक्टर, जरा बाजूला बोलू का?" हे विचारायला मला दोन सेकंदही लागले नसते.