मागून गोड लागणारं मूळ

आत्या रोज सकाळी चहाआधी एक कडू पान चावायची. अंगणातल्या झुडपाचं, नखाएवढं. डोळे मिटून बसायची, मग थुंकून म्हणायची, "आहे अजून." म्हणजे जीभ शाबूत आहे. सुतार अंगठ्याने धार बघतो, तसंच ते.

जंगलातल्या आमच्या वस्तीत औषध देणारी तीच. साल काढायची ती खोडाच्या एकाच बाजूने, पंजाएवढी. मग दोन वर्षं त्या झाडाकडे फिरकायचं नाही. इतकी शिस्त, पण वाळलेली मुळं मात्र सगळी एकाच टोपलीत. त्यांतली दोन तर दिसायला सख्ख्या बहिणी. दोन्ही कडूच, पण ताप उतरवणारं मागून गोडसर लागतं. दुसरं उलट्या करवतं.

"वेगवेगळी ठेवा की, ताई," आई सांगून थकली.

"का? माझ्या जिभेला कुलूप लागलंय?" आत्या हसायची.

त्या वर्षी आत्याच पंधरा दिवस तापाने अंथरुणाला खिळली. उठली, पान चावलं. दुसरं चावलं. तिसरं. मग चहा न घेताच आत गेली.

त्याच दुपारी वस्तीतला सुतार आला. "पोरीचा ताप हटत नाहीये, ताई. ते मूळ द्या ना."

आत्याने टोपली खाली घेतली. एक तुकडा जिभेवर ठेवला, मग दुसरा. मी दारातून बघत होते. दवाखाना दिवसभराच्या वाटेवर होता, आणि अंदाजाने काहीतरी हातावर ठेवलं असतं तर कोणी विचारणार नव्हतं. तिने टोपली त्याच्यापुढे सरकवली.

"माझी चव गेलीय रे. यातलं कुठलं तापाचं, मला सांगता येत नाही. पोरीला दवाखान्यात ने."

सुतार पोरीला न्यायला वळला.

आई हात पुसत चुलीपासून उठली. "सरका जरा. या घरात सगळ्यात जास्त काढे कोणी गिळलेत? लग्न होऊन आले तेव्हापासून छळताय मला."

तिने एक तुकडा चावला, तोंड वेडंवाकडं करून थुंकला. "हे नाही." चूळ भरून दुसरा घेतला. हा मात्र मागची चव येईपर्यंत चघळला.

"हे. ही झाली तेव्हा महिनाभर पाजलं होतंत," माझ्याकडे मान उडवत ती म्हणाली.

"नक्की ना, वहिनी?"

"त्याच्यामुळे जगले मी, ताई. विसरेन होय?"

तिसऱ्या दिवशी पोरगी अंगणात खेळायला लागली. सुताराने दोन लाकडी डबे आणून दिले, एक गोल, एक चौकोनी. आत्याने डोळे पुसत टोपली निवडायला घेतली. आई शेजारी बसून एकेक तुकडा चाखत, शिव्या घालत होती.

पुढची सात वर्षं असंच चाललं. मुळं आत्या खणायची, चव आई बघायची. आईने आत्याचे आभार कधी मानले नाहीत. फक्त सकाळचं पान आता ती चावायची. आत्या गेली त्या सकाळीही तिने पान खुडून आईपुढे धरलं.

"कडू आहे?"

"नुसतं जहर."

"मग ठीक. चहा टाक, वहिनी."