वैशालीचा फॉर्म

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही. आता लपवायचाही कंटाळा आलाय, म्हणून तुम्हाला सांगते.

लातूरला क्लासेसच्या गल्लीत माझा नेट कॅफे होता. बाईमाणसाचं दुकान म्हणून गावाकडचे बाप पोरींना निर्धास्त पाठवायचे. बारावीनंतरचे इंजिनिअरिंगचे फॉर्म मीच भरून द्यायची. पोरी पासवर्ड विसरायच्या आणि रडत माझ्याकडेच यायच्या — म्हणून सगळ्यांचे पासवर्ड मी कॉम्प्युटरमध्येच सेव्ह करून ठेवायची. दर वेळी लॉगआउट करा, कुकीज पुसा... रांग दारापर्यंत असताना कोण करतंय?

वैशाली औशाकडची, भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या गावातली. तिला नांदेड हवं होतं, मावशीकडे राहून शिकायचं होतं. तिची कॉलेजं भरून झाली आणि लगेच दुसरीचा नंबर लागला. त्या पोरीला मामाकडे नागपूरला जायचं होतं. मी पान उघडलं — ते वैशालीच्याच नावानं उघडलं. वरचं नाव वाचायला किती वेळ लागतो? मी वाचलं नाही. आधीच भरलेलं नांदेड दिसलं, ते या पोरीनंच आधी कुठंतरी चुकून भरलं असेल असं धरून काढलं, नागपूर टाकलं आणि फॉर्म पक्का केला.

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. अजून एक दिवस हातात होता. प्रवेशाच्या सरकारी केंद्रावर जाऊन, चूक माझी आहे असा अर्ज दिला असता तर फॉर्म पुन्हा उघडून मिळाला असता. पण मग गल्लीभर झालं असतं ना? मी दुसरीचा फॉर्म गुपचूप नीट भरला, आणि कुकीज, पासवर्ड, सगळं पुसून टाकलं. ज्याला कधी वेळ नव्हता ते काम दोन मिनिटांत झालं.

यादी लागली. वैशालीला नागपूर. ती आणि तिचे वडील आले. भांडायला नाही हो, विचारायला.

"ताई, हे कालेज आमी लिवलंच न्हाई की."

आणि मी म्हणाले — हेच ते, इतकी वर्षं गिळून बसलेलं — मी म्हणाले, "पासवर्ड दिला असंल हिनं कुणाला तरी."

कुणाला तरी. बापाच्या कानाला त्याचा काय अर्थ लागणार, हे मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. त्यांनी पोरीकडे पाहिलं.

"न्हाई दिला, बाबा," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी प्रिंटरमध्ये कागद घालत राहिले.

नागपूर नाही, नांदेडही नाही. तिला गावी नेलं. उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला वडील स्वतः आले. ताई, तुम्ही वेळेवर सावध केलं, म्हणाले.

मी लग्नाला गेले. अक्षता टाकल्या. पंगतीत पोटभर जेवले.