तलावातला राक्षस मी शिवला

पाटोद्यात बसस्टँडच्या मागं माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाऊज, पिको-फॉल आणि जून महिन्यात शाळेचे गणवेश. शेजारी ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. तिथले मालक मला ताई म्हणतात, मी त्यांना मिस्तरी. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी ते ट्रॅक्टरची फाटकी ट्यूब खांद्यावर टाकून दुकानात आले आणि म्हणाले, "ताई, याचा राक्षस शिवून द्याल का?"

मिस्तरी चेष्टा करणाऱ्यातले नाहीत. मी मशीन थांबवलं आणि त्यांना स्टूल दिलं.

लहानपणी ते नारायणगडाच्या जत्रेत तंबूतला सिनेमा बघायला गेले होते. परदेशातला, काळापांढरा. भाषा कुणालाच कळत नव्हती. पाण्यातून एक अवाढव्य जनावर उठतं आणि घरं तुडवत चालत सुटतं, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलेलं. "समदी पोरं डोळे झाकून बसलती," ते म्हणाले. "मला मातर त्याच्या पाठीवर चेन दिसली. मंजी आत मानूस हाय. कुनीतरी हे शिवलंय. तवापासून ते डोक्यातून जाईना."

पुढं मोबाईल आल्यावर त्यांनी तसले जुने सिनेमे शोधून शोधून पाहिले. आता त्यांना स्वतःचा एक करायचा होता, त्या जुन्या लोकांना सलाम म्हणून. गोष्ट त्यांनी बिलाच्या पावत्यांच्या मागं लिहून आणली होती. उन्हाळ्यात तलाव आटतो आणि तळाशी राहणारा राक्षस पाणी शोधत गावात शिरतो.

"डरावना पायजे," ते म्हणाले, "पन वाईट न्हाई."

मी होकार दिला. का दिला, असं घरी विचारलं तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. खरं कारण हे की इतक्या वर्षांत मला कुणी, जे आधी कुठंच नव्हतं असं काही शिवायला सांगितलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी मशीनच्या चार सुया मोडल्या. मग चपला शिवणाऱ्या काकांकडून आरी आणि मेणाचा दोरा आणला आणि सगळं हातानं शिवलं. छातीला आणि पाठीला ट्यूबचे खवले एकावर एक, हातापायाला गोणपाट, आत मोटारसायकलच्या जुन्या सीटांचा फोम. मुंडकं मिस्तरींनी कागदाच्या लगद्याचं केलं, डोळ्यांच्या जागी ट्रॉलीचे लाल रिफ्लेक्टर बसवले. पाठीत मी लांब चेन लावली. ती मी खवल्यांखाली झाकणार होते, पण मिस्तरींनी झाकू दिली नाही. माझ्याकडं पुतळा नसल्यामुळं माप घ्यायला मी तो सूट रोज स्वतःच्या अंगावर चढवायचे. मी उंच आहे. लग्न जमताना त्याचीच अडचण झाली होती, इथं उपयोग झाला.

राक्षसाच्या कामासाठी मिस्तरींनी तालमीतला एक पैलवान गडी ठरवला होता. एप्रिलमध्ये सकाळी सात वाजता आम्ही मोबाईलवर शूटिंग करायला गावाबाहेरच्या आटलेल्या तलावावर गेलो. मिस्तरी, पैलवान, मी आणि पाण्याचा जार घेऊन माझे मिस्टर. पैलवानाला सूट चढवला, मुंडकं बसवलं. दहा मिनिटांत त्यानं हात वर केले. बाहेर काढला तर घामानं निथळत होता, चेहरा पांढराफटक.

"आत जीव घुसमटतो," तो म्हणाला. "मी न्हाई करत बा."

तो गेला. मिस्तरी मोबाईल हातात धरून तळ्याच्या कडेला उभे राहिले. दीड महिन्याची मेहनत त्या गोणपाटाच्या ढिगात पडली होती. मला माहीत होतं की मुंडकं थोडं डावीकडं झुकवलं की तोंडातून वारा येतो, आणि उजव्या गुडघ्याला शिवण आवळते म्हणून पाय ओढून टाकावा लागतो. हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

"मी घालते," मी म्हटलं.

मिस्तरींनी माझ्या मिस्टरांकडं पाहिलं. मिस्टर बाजार समितीत कारकून आहेत, कमी बोलणारे. त्यांनी जारमधून ग्लास भरला आणि माझ्या हातात दिला. "आधी पाणी पी," एवढंच म्हणाले. मग स्वतः माझी चेन लावली.

पाच दिवस रोज सकाळी आम्ही काम केलं. शेवटच्या दिवशी राक्षस सगळीकडं हिंडून रिकाम्या तलावाकडं परत येतो, तिथं त्यानं आभाळाकडं बघून डरकाळी फोडायची होती. माझ्यात डरकाळी फोडायचं त्राणच उरलं नव्हतं. तळ्याच्या मधोमध पोचले आणि मटकन खाली बसले. दोन्ही हात भेगाळलेल्या मातीवर टेकले. काम बिघडलं असं वाटून मी तशीच बसून राहिले. बऱ्याच वेळानं मिस्तरींचा आवाज आला, "ताई, उठू नका. लई खरं दिसतंय."

डरकाळी त्यांनी गोष्टीतून काढून टाकली.

माझी एकच अट होती, आत मी आहे हे कुणाला सांगायचं नाही. सासूबाईंना वाटत होतं की मी फक्त कपडे शिवलेत. बाईमाणसानं राक्षस होऊन मातीत लोळायचं म्हणजे गावात काय काय बोलतील, याची मला धास्ती होती.

दिवाळीनंतर दिंद्रुडला एका शाळेच्या हॉलमध्ये आपल्या भागातल्या लोकांनी केलेले छोटे सिनेमे दाखवणार होते. मिस्तरींचाही घेतला. दुपारचा कार्यक्रम. आम्ही सगळे गेलो, सासूबाईसुद्धा. राक्षस पहिल्यांदा दिसला तेव्हा लोक हसले. पाठीवरची चेन दिसल्यावर तर आणखी हसले, आणि मिस्तरीही त्यांच्यासोबत खुशीत हसले. पण राक्षस तळ्यात बसला तेव्हा कुणी हसलं नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

संपल्यावर औरंगाबादहून आलेल्या पाहुण्या बाईंनी माईक घेतला. "राक्षसाचं काम कुणी केलंय?" त्यांनी विचारलं. "मला त्या माणसाला भेटायचंय."

मिस्तरी शब्दाला जागले. खाली मान घालून उभे राहिले. पाटोद्याहून आलेले लोक त्या पैलवानाचं नाव घेऊ लागले. ते ऐकून माझ्या आत काहीतरी भडकलं. शिवला मी, घातला मी, त्या मातीवर बसले मी. पदर खोचून मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी केलंय."

मग टाळ्या सुरू झाल्या. मिस्टर माझ्याआधी रडले. सासूबाईंकडं बघायचं मी टाळत होते, तर त्यांनीच मला हाताला धरून खाली बसवलं.

"मला पैल्याच झटक्याला कळलंतं," त्या म्हणाल्या. "तुझं चालनं मला वळखू येत न्हाई व्हय? चांगलं केलंस."

आता गिरणीत दळण टाकायला गेल्या की त्या आपणहून विषय काढतात. "ती तलावातली राक्षस बघितली का तुमी? आमची सून हाय ती," असं सांगतात. कुणी सिनेमा बघितला नसेल तर त्याला दळण होईस्तोवर उभं करून पहिल्यापासून गोष्ट सांगतात.